नव्या गिलाव्याच्या हौदाचा पहिला महिना

पनवेल हे जुन्या काळापासून तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, लेंडाळे ही नावे पनवेलकरांच्या तोंडी आजही आहेत. या तळ्यांचा तळ मातीचा. पाणी पावसाने द्यावे तेवढे, आणि गाळ साचला म्हणजे तो उपसावा, एवढीच त्यांची निगा. 1852 साली नगरपालिका लाभलेल्या या गावाची 2016 साली महानगरपालिका झाली, कामोठे, कळंबोली, खारघर यांसारख्या वसाहती तिच्या हद्दीत आल्या, आणि मोठ्या गृहसंस्थांच्या आवारांत तळ्यांची जागा पोहण्याच्या हौदांनी घेतली. तळे आणि हौद यांत एक मूलभूत भेद आहे. तळे हा भूमीचा भाग होय. हौद हे एक भांडे आहे. भांड्याची कल्हई उडाली की त्यातले अन्न कळकते. हौदाचा गिलावाही तसाच दहा-पंधरा वर्षांनी खरखरीत होतो, डागाळतो, त्याचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग सभासदांची वर्गणी गोळा करून तो नव्याने करावा लागतो.

गिलावा पुरा झाला, गवंड्याने थाप्या-पाटे धुऊन ठेवले, की काम संपले असे गृहसंस्थेच्या कार्यकारी मंडळास वाटते. वस्तुतः निम्मे काम त्या दिवशी सुरू होते. चांगल्या कारागिराने चांगल्या मालाने केलेला गिलावा पहिल्या चार आठवड्यांच्या हयगयीने कायमचा बिघडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आणि अशा वेळी बिघाडाचे खापर मात्र बहुधा कारागिराच्याच माथी फुटते.

घराच्या भिंतीचा गिलावा आणि हौदाचा गिलावा यांना एकच न्याय लावणे ही पहिली चूक. हौदासाठी सामान्यतः पांढरे सिमेंट आणि संगमरवराची पूड यांचे मिश्रण वापरतात व त्याचा थर सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा देतात. (आपल्याकडे पुष्कळ हौदांना लाद्या असतात, त्यांच्या मालकांना पुढील गोष्टी सांध्यांपुरत्याच लागू समजाव्या.) हा थर सुकून घट्ट होतो ही समजूत खोटी आहे. सिमेंट सुकून नव्हे, तर पाणी पिऊन घट्ट होते. 1824 साली इंग्लंडातील लीड्स शहरच्या जोसेफ ॲस्पडिन नामक गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यापूर्वी घाणीत मळलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश दगड होत असे. सिमेंटचा मार्ग वेगळा. त्याच्या कणांचा पाण्याशी संयोग होऊन घट्टपणा येतो, आणि हा संयोग अठ्ठावीस दिवसांत बराचसा पुरा होतो. घरच्या भिंतीवर यासाठीच आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. हौदाच्या भिंतीला पाणी मारून भागत नाही. तिला बुडवूनच ठेवावे लागते.

या संयोगातून एक उपपदार्थ निघतो, तो म्हणजे विरलेला चुना. पानाच्या डबीत असतो तोच. ज्यांच्या घरी अद्याप पानाचा डबा आहे, त्यांनी चुन्याची निवळी रात्रभर उघडी ठेवून पाहावी. सकाळी तिच्यावर दुधाच्या सायीसारखा, पण बोट लावताच मोडणारा पांढरा पापुद्रा धरलेला दिसतो. शाळेत निवळीत काचेच्या नळीने फुंकर घालून ती दुधाळ होताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना याचे कारण सांगावयास नको. श्वासातील किंवा हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि निवळीतील चुना यांपासून खडू तयार होतो. नव्या गिलाव्याच्या हौदात हाच प्रयोग लाखभर लिटर पाण्यात चाललेला असतो. गिलाव्यातून चुना पाझरतो, पाण्यात त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती तळाशी व भिंतीवर बसते. वेळीच झाडली नाही तर ती तेथेच चिकटून दगड होते, आणि गुळगुळीत तळ पोराबाळांचे गुडघे सोलणारा पत्रा बनतो.

येथवरची गोष्ट जगातील कोणत्याही हौदाची झाली. पनवेलकडे तिला आणखी एक पीळ आहे, आणि तो पाण्याचा. पनवेलला मिळणारे पाणी मुख्यत्वे सह्याद्रीच्या पावसाचे. गाढी नदीवरील देहरंग धरण शहराचे स्वतःचे. पाताळगंगेचेही पाणी येते, आणि त्या नदीला 1915 साली सुरू झालेल्या खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याचा आधार आहे. म्हणजे लोणावळ्याच्या माथ्यावरील तलावांत साठलेला पाऊसच तो. हे पाणी काळ्या कातळावरून आलेले असते, चुनखडीवरून नव्हे. म्हणून ते हलके असते. त्यात साबणाचा फेस भरपूर येतो आणि डाळ लवकर शिजते. गृहिणीच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे. हौदाच्या दृष्टीने मात्र तो अवगुण होय. ज्या पाण्यात चुना नाही, ते पाणी चुन्याचे भुकेले असते. आणि नव्या गिलाव्याच्या हौदात त्याला तो भिंतीत आयता मिळतो. असे पाणी गिलाव्यावरची मऊ साय खाऊन टाकते व मागे खडबडीत, डाग धरणारा पृष्ठभाग ठेवते.

या भुकेचे मोजमाप करण्याची रीत कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँजेलियर यांनी 1936 साली मांडली. त्यांना हौदाची नव्हे, शहराच्या लोखंडी नळांची काळजी होती. नळाच्या आत चुन्याचा पातळ थर टिकून राहील, पण तो वाढून नळ बुजणार नाही, असे पाणी त्यांना हवे होते. पाण्याचा सामू, म्हणजे ज्यास पीएच म्हणतात तो, अल्कता, त्यातील चुन्याचा अंश, उष्णता आणि विरघळलेले क्षार यांवरून पाणी चुना खाणारे आहे की चुना टाकणारे, हे त्यांच्या गणिताने कळते. हौद राखणारे लोक आज याच गणितावर चालतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. गिलाव्याचा पृष्ठभाग पाण्याचा स्पर्श सोसण्याइतका घट्ट झाला, की भरण सुरू करावे. ही वेळ कारागिराने ठरवावयाची असून ती सामान्यतः एका दिवसाच्या आतली असते. नळी सर्वांत खोल जागी सोडावी आणि तिच्या तोंडाला स्वच्छ, पांढरा, जुना पंचा गुंडाळून बांधावा, म्हणजे धारेने गिलाव्यात खड्डा पडत नाही. भरण चालू असता कोणीही आत उतरू नये. ओल्या गिलाव्यावर उमटलेले पाऊल पुढे वर्षानुवर्षे दिसत राहते.

आणि एकदा सुरू झालेले भरण कोठेही थांबू नये. पनवेलसारख्या गावी खरी अडचण येथेच येते. समजा, हौद पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद व सरासरी 1.2 मीटर खोल आहे. त्यात 1,08,000 लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर. नळाचे पाणी ठरावीक वेळी येते आणि जाते. टँकर सकाळी तीन येतात, चौथा दुपारी उगवतो, आणि पाचव्यासाठी फोन करीत बसावे लागते. तेवढ्या वेळात पाणी अर्ध्या भिंतीशी उभे राहते. पाण्याच्या रेषेखालचा गिलावा पाणी पितो, वरचा उन्हात तापतो, आणि त्या रेषेवर चुन्याची कड धरते. अंघोळीच्या घंगाळास जशी पाण्याची खूण बसते, तशीच ही. मात्र घंगाळाची खूण चिंचेने घासून जाते, ही जात नाही. यास्तव सर्व पाणी हाताशी असल्यावाचून भरणास हात घालू नये. जमिनीखालच्या टाक्या आदल्या दिवशी भरून ठेवाव्या, रात्रीच्या पाळीला दोन माणसे नेमावी, आणि टँकरवाल्याकडून वेळेचा शब्द घ्यावा. तो पाळला जाणार नाही हे धरून एक टँकर अधिक सांगावा.

टँकरचे पाणी कोठले, हेही विचारून घ्यावे. खाडीलगतच्या विंधणविहिरीचे पाणी खारट असण्याचा संभव असतो. आणि काही विहिरींच्या पाण्यात लोह असते. ते बादलीत स्वच्छ दिसते, पण क्लोरीन पडताच लोहाचा गंज होऊन तांबूस डाग नव्या, कोवळ्या गिलाव्यावर बसतो. म्हणून लोहाची परीक्षा आधी करावी.

हौद भरताच पंप व गाळणयंत्र सुरू करावे, आणि त्याच दिवसापासून ब्रश हाती घ्यावा. पहिले चौदा दिवस दिवसातून दोन वेळा सगळा हौद घासला पाहिजे: भिंती वरून खाली, मग तळ, पायऱ्या व कोपरे. ब्रश नायलॉनचा असावा. लोखंडी तारांचा नको. पाणी दुधाळ दिसते म्हणून तुरटी टाकण्याचा मोह होतो. विहीर-हौदांना तुरटी लावण्याची आपली सवय जुनी आहे. येथे ती उपयोगी नाही. तुरटी पाण्याची अल्कता खाते, आणि या दिवसांत अल्कतेचीच गरज असते. दुधाळपणा भुकटीचा आहे. तो ब्रशाने व गाळणीनेच जावयाचा. चाकांची सफाई यंत्रे अठ्ठावीस दिवस आत सोडू नयेत, कारण त्यांच्या चाकोऱ्या उमटतात. जेथे पाणी तापविण्याची सोय आहे, तेथे भुकटी पुरती नाहीशी होईपर्यंत ती बंदच ठेवावी.

पाण्याची परीक्षा रोज सकाळी व्हावी. अल्कता लिटरमागे 80 ते 120 मिलिग्रॅम असावी. कोकणातल्या हलक्या पाण्यात ती पुष्कळदा कमी भरते. मग खाण्याचा सोडा घालावा. वर सांगितलेल्या हौदात अल्कता दहाने वाढविण्यास सुमारे 1.8 किलो सोडा लागतो. हा सोडा दुहेरी काम करतो. अल्कता तर वाढवितोच, शिवाय गिलाव्यातून निघू पाहणाऱ्या चुन्याचा जागच्या जागी खडू करून पृष्ठभाग आवळतो. चुन्याचा अंश पहिल्या आठवड्यात निदान 150 मिलिग्रॅमपर्यंत आणावा व पुढे 200 च्या वर राखावा. नळाच्या पाण्यात तो 40 आढळला, तर 150 पर्यंत नेण्यास त्याच हौदाला सुमारे 13 किलो निर्जल कॅल्शियम क्लोराइड लागेल. हा पदार्थ पाण्यात पडताच तापतो. म्हणून तो बादलीत थोडा थोडा विरघळवून, तीन-चार दिवसांत वाटून घालावा. सुकी पूड हौदात कधीही फेकू नये. जेथे ती पडेल, तेथे डाग पडेल.

सामूची गोष्ट उलटी आहे. चुना पाझरत असल्यामुळे तो सारखा वर चढतो, 7.2 ते 7.6 च्या दरम्यान असावा, तो दुसऱ्या दिवशी 8 च्या पलीकडे दिसतो. तो उतरविण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे, रोजच्या रोज द्यावे लागते. नोकरमंडळींना हे रोजचे काम कंटाळवाणे वाटते, आणि कोणीतरी एके दिवशी सगळी बाटली एकदम रिचवून मोकळा होतो. त्या एका दिवसात कोवळा गिलावा जितका झिजतो, तितका पुढे पाच वर्षांत झिजत नसेल. आम्ल देताना आधी बादलीत पाणी घ्यावे व त्यात आम्ल ओतावे. आम्लावर पाणी ओतू नये, ते उसळून अंगावर येते. हातमोजे व चष्मा हवाच. आम्लाची बादली धुतल्याशिवाय तीत ब्लीचिंग पावडर कालवू नये, दोन्ही एका कपाटात ठेवू नयेत; त्यांच्या संयोगाने क्लोरीन वायू सुटतो, आणि पंपघरासारख्या कोंदट खोलीत तो प्राणघातक ठरतो.

पहिले तीन दिवस क्लोरीन मुळीच घालू नये, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पाणी शेवाळेल ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु त्या दिवसांत रोज दोनदा घासले जाणारे पाणी सहसा शेवाळत नाही, आणि गिलाव्याचे रक्षण अधिक महत्त्वाचे. चौथ्या दिवसापासून क्लोरीन हळूहळू वाढवीत लिटरमागे दीड ते तीन मिलिग्रॅमवर आणावा. ब्लीचिंग पावडर वापरावयाची तर ती पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढीच घालावी. मोरचूद पहिल्या महिन्यात हौदाजवळही आणू नये. त्यातील तांबे कोवळ्या गिलाव्यात शिरून निळसर-हिरवा डाग कायमचा ठेवून जाते. मिठापासून क्लोरीन करणारे यंत्र असल्यास मीठ अठ्ठावीस दिवसांनंतर.

पोहणाऱ्यांस आत कधी सोडावे, हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक सभेत निघतो. त्यास तारखेचे उत्तर नाही. पाण्याची मापे सारखी योग्य येऊ लागली, क्लोरीन ठरल्या प्रमाणात टिकू लागला आणि खोल टोकाचा तळ काठावरून स्वच्छ दिसू लागला, म्हणजे सोडावे. तळ दिसण्याची अट पाळलीच पाहिजे. दुधाळ पाण्यात बुडणारे मूल काठावरच्या रक्षकाला दिसत नाही.

या सगळ्याची एक वही ठेवावी. तारीख, सामू, अल्कता, चुना, क्लोरीन, काय किती घातले, ब्रश कोणी मारला, एवढेच रकाने पुरेत. तीन महिन्यांनी एखाद्या कोपऱ्यात करडे डाग दिसू लागतात. मंडळ म्हणते गिलावा वाईट. ठेकेदार म्हणतो पाणी वाईट. आणि दोघांपैकी कोणाजवळही पुरावा नसतो. मग पुन्हा वर्गणी, किंवा वकील. वही असेल तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो, मग तो कोणाच्याही बाजूने मिटो. ही वही पहाऱ्यावरच्या माणसाकडे सोपवून मंडळाने निश्चिंत होणे बरे नव्हे. त्याला पहिला आठवडा शेजारी उभे राहून शिकवावे, आणि दिवसातून दोनदा लाखभर लिटरचा हौद घासण्याच्या श्रमाचा मोबदला त्याच्या पगाराहून निराळा द्यावा. हे न करता त्याच्याकडून चौदा दिवसांची निष्ठा अपेक्षिणे न्यायाचे नाही.

एक गोष्ट वास्तविक आरंभीच यावयाची, ती राहून गेली. गिलाव्याचे काम कोणत्या महिन्यात काढावे? बहुतेक संस्था ते मार्चमध्ये काढतात, कारण मे महिन्याच्या सुटीत मुलांना नवा हौद हवा असतो. ही वेळ सर्वांत वाईट. ऊन कडक, गिलावा भरणापूर्वीच तडकण्याचा धोका मोठा, पाण्याची टंचाई आणि टँकर महाग. शिवाय शाळेची सुटी लागताच मुलांचा धीर सुटतो आणि अठ्ठावीस दिवसांचे बावीस होतात. दिवाळीनंतर जानेवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऊन सौम्य असते, धरणात पाणी असते, आणि पोहणाऱ्यांची गर्दी नसते.

पावसाळ्यात तर हौद रिकामा करण्याचा विचारही करू नये. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाडीकाठच्या सखल भागात जमिनीखालचे पाणी अगदी वर येते. हौदाच्या तळापेक्षा ते एक मीटरने उंच असले, तर दर चौरस मीटरला एक हजार किलोचा रेटा खालून वर लागतो. वीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचे वजन तेवढ्याच जागेत पाचशे किलोच्या आतबाहेर असते. हौद भरलेला असतो तोवर आतले पाणी हा रेटा दाबून धरते. रिकामा केला की तळ तडकतो, क्वचित सबंध हौदच नावेसारखा वर उचलला जातो. यासाठी पुष्कळ हौदांच्या तळाशी एक झडप ठेवलेली असते. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की ती उघडते आणि ते पाणी आत घेते. जुना गिलावा फोडताना ही झडप सापडली, तर ती साफ करून मोकळी ठेवावी, आणि नव्या गिलाव्याखाली ती बुजवू नये, हे गवंड्यास पहिल्याच दिवशी जागेवर नेऊन दाखवून द्यावे.